‘तो’ म्हणजे कोण

‘तो म्हणजे कोण?’ साहेबानं विचारलं, आणि तेव्हा कुठे सान्तोच्या ध्यानात आलं की आपण मघापासून बायकोला ‘तो’ म्हणतोय.

तोवर अमेरिकन नागरिकत्वाची ती मुलाखत कशी सुरळीत चालली होती. राज्यं किती, पहिला अध्यक्ष कोण, कायदे कोण करतं, सगळं त्यानं धडाधड सांगितलं होतं. वेळ पडली तर या देशासाठी हत्यार उचलशील का, असं विचारल्यावर ‘आरमारात आठ वर्षं आहे, साहेब,’ असं म्हणून तो हसलाही होता. आठ वर्षांत त्यानं काय उचललं असेल तर सुपाचे वाडगे आणि ऑफिसरांचे बूट. पण ते सांगायची काही गरज नव्हती. साहेब बरा होता. जाडसर, घामट, बायकोनं घेऊन दिलेला असावा असा टाय घातलेला. कागद मिटता मिटता, उठायच्या आधी आपलं बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, ‘आणि बायको कशी आहे? तिला आणणार असशील आता?’ झालं. संपलं एकदाचं, असं वाटून सान्तोची जीभ सैल सुटली. ‘तो फार चांगला आहे, साहेब. तो पहाटे उठतो. भात टाकतो. भात शिजेपर्यंत शिट्टी वाजवतो. माशाचं डोकं मला ठेवतो, स्वतः शेपटी खातो. मी गप्प बसलो तर तो काही विचारत नाही.’ एवढं सगळं एका दमात, आपल्या इंग्रजीवर खूश होऊन. मग साहेबानं तो प्रश्न विचारला. सान्तोच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ‘ती, साहेब. ती. माझी बायको. इसिद्रा.’ साहेब म्हणाला, ‘ती कुठे आहे?’ ‘काविते, साहेब. फिलिपिन्स.’ ‘मग पहाटे उठून भात कोण करतो?’ मग साहेबानंच पुढचं विचारलं, ‘इथे कुणाबरोबर राहतोस?’ ‘कुया तेम्यो, साहेब. आर्तेमियो. तो पण नेव्हीत. एक खोली.’ ‘एक खोली,’ साहेब म्हणाला, आणि मिटलेले कागद त्यानं पुन्हा उघडले.

आता खरं सांगायचं तर यात गुन्हा कसला? त्यांच्या बोलीत माणसाला एकच शब्द आहे, सिया. बाई असो की बुवा, म्हातारी असो की पोर, सिया. सिया आला, सिया गेली असली भानगडच नाही. नुसतं सिया, आणि कोण ते ज्यानं त्यानं समजून घ्यायचं. इंग्रजी बोलताना प्रत्येक वेळी मनातल्या माणसाच्या अंगावर लुगडं की पाटलोण ते आधी बघायचं आणि मग तोंड उघडायचं, हे लहानपणापासून अंगात नसलं की होते चूक. आठ वर्षं झाली तरी होते. कॅप्टनच्या बाईंना ‘तो बाहेर गेला’ म्हणून सांगणारे कितीतरी गडी सान्तोनं पाहिले होते, आणि त्यावर हसणारे ऑफिसरही. पण हा साहेब हसला नाही. त्यानं पेनाला टोपण लावलं आणि अगदी सौम्यपणे, दवाखान्यात बोलतात तसं सांगितलं, की आठ दिवसांनी परत ये. तुला ओळखणारा आणि तुझ्या बायकोलाही ओळखणारा एक साक्षीदार आण. तो नागरिक पाहिजे. आणि आज जे सांगितलंस ना, ते मला त्याच्यासमोर पुन्हा सांग.

खाली, बंदरापासून वर येणाऱ्या ब्रॉडवे रस्त्यावर लख्ख ऊन होतं. डोंगराकडून तो कोरडा वारा सुटला होता, ऑक्टोबरात सुटतो तो, ओठ फुटतात आणि उगाच भांडणं होतात. सान्तो बसच्या थांब्याकडे न जाता उलट्याच बाजूला चालत सुटला. अंगावर पांढरा गणवेश, कडक इस्त्रीचा. इस्त्री तेम्योनं केली होती, बाह्यांवरच्या घड्या चाकूसारख्या हव्यात म्हणून दोनदा. साहेबाच्या मनात काय आलं ते सान्तोला न कळायला तो काही कुक्कुलं बाळ नव्हता. असल्या माणसांना हा देश नागरिक करून घेत नाही. नागरिक तर सोडाच, आरमारातून काढतो. पर्ल हार्बरला एका सकाळी त्यांच्याच जहाजावरच्या वायरलेसवाल्या पोराला असंच उतरवलं होतं. खांद्यावर सॅक, मागेपुढे दोन पोलीस, आणि डेकवर एवढी माणसं उभी असून कुणी ‘जातोस का रे’ एवढंही म्हणालं नाही. सान्तोही म्हणाला नव्हता. तो हातात बशा घेऊन उभा होता आणि त्याला वाटलं होतं, बरं झालं माझ्या हातात बशा आहेत. आता इथे फुटपाथवर त्याला तो पोरगा आठवला. पेन्शन नाही, काम नाही, आणि काविते गावात कुठल्या तोंडानं जायचं? बापानं सान्तोचा जहाजाच्या चाकामागे उभा असलेला फोटो येशूच्या तसबिरीशेजारी लावला होता. चाक फोटोवाल्याचं होतं, पुठ्ठ्याचं. बाप येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आमचा सान्तो जहाज चालवतो.

गावाजवळच्या सँग्ली पॉइंट या अमेरिकन आरमारी तळाच्या फाटकाशी भरती व्हायला पोरं आदल्या रात्रीपासून रस्त्यावर झोपत. दात तपासत, छाती मोजत, इंग्रजीचा उतारा वाचायला लावत, आणि शेकड्यानं पोरं परत जात. सान्तो निवडला गेला तेव्हा आईनं चर्चमध्ये गुडघ्यांवर चालून नवस फेडला. आत गेल्यावर कळलं, की आपल्या देशाच्या पोरांना या आरमारात एकच काम आहे. तोफ नाही, इंजिन नाही. ऑफिसरांची टेबलं मांडायची, त्यांच्या गाद्या घालायच्या, बूट पुसायचे. भरती करणारा त्यांच्याच भागातला जुना गडी होता, तो हसत म्हणाला होता, ‘पोरांनो, अमेरिकन व्हायचंय ना? मग आधी अमेरिकनाचं अंथरूण घालायला शिका.’ सगळे हसले होते. सान्तोही हसला होता, कारण तेव्हा त्याला वाटलं की हे वर्षभराचं असेल. पुढे काय, आठ वर्षं गेली. मधे नियम जरा सैल झाले, काम बदलून मागता येऊ लागलं, पण तोवर त्याचे हात त्याच कामाला वळले होते. आणि हे सगळं कशासाठी, तर एका गोष्टीसाठी. नागरिक झालं की इसिद्रा येईल. वर्षाच्या आत येईल. दोघांची एक खोली, मग घर. सहा वर्षं ती थांबली होती. लग्न सुट्टीत झालं, लग्नानंतर तीन आठवडे ते एकत्र राहिले. त्यानंतर दोन सुट्ट्या, एक पावसाळ्यातली आणि एक नाताळातली. नाताळातल्या सुट्टीत तर घरात इतकी माणसं होती, की दोघांना धड बोलताही आलं नव्हतं.

एका चौकात तांबडा दिवा लागला म्हणून तो थांबला, आणि उभ्या उभ्या त्याच्या मनात आलं, आठ दिवसांनी हेच परत सांगायचं, तर नीट घोकून ठेवावं. ती पहाटे उठते. ती भात टाकते. ती शिट्टी वाजवते. इथे तो अडला. इसिद्रा शिट्टी वाजवते? कावितेला बायका शिट्टी वाजवत नाहीत. सासूनं ऐकली असती तर थोबाडीत दिली असती. इसिद्रा पहाटे उठते का? उठत असेल. त्याला माहीत नव्हतं. सुट्टीत तो उशिरापर्यंत झोपायचा, आणि उठायचा तेव्हा ती अंगणात नाहीतर बाजारात असायची. माशाचं डोकं? इसिद्राच्या घरी डोकं तिच्या बापाला वाढत. दिवा हिरवा झाला, माणसं चालायला लागली, कुणाचा तरी धक्का लागला, दिवा परत तांबडा झाला, आणि सान्तो तिथेच उभा. त्याला आता स्वच्छ दिसत होतं. साहेबानं बायकोबद्दल विचारलं आणि आपण तोंड उघडलं, तेव्हा डोळ्यांपुढे जो माणूस उभा राहिला तो गंजीफ्रॉक घालून, शेगडीपुढे पाठमोरा, टक्कल पडायला लागलेला, शिट्टी वाजवत होता. तो तेम्यो होता. ‘तो’ म्हणालो ते चुकून नव्हे. ते बरोबरच होतं. चूक असलीच तर ती ‘बायको’ या शब्दात होती.

आई गं, असं तो मोठ्यानं म्हणाला. शेजारच्या बाईनं वळून पाहिलं.

बसमध्ये मागच्या सीटवर बसून त्यानं इसिद्रा आठवायचा प्रयत्न केला. अगदी हट्टानं. मानेवर तीळ आहे, डावीकडे. वीज कडाडली की ती उशी डोक्यावर घेते. हसताना तोंडावर हात ठेवते. तिच्या कपड्यांना तांदळाच्या खळीचा वास येतो. आणखी? आणखी काय? तिची आवडती भाजी कोणती, तिला कशाचा राग येतो, आजारी पडली की ती बडबडते की गप्प होते? सहा वर्षांच्या बायकोचं सगळं मिळून चार ओळींत संपलं. तेम्योचं सांगायला बसलं असतं तर बस शेवटच्या थांब्याला जाऊन परत आली असती. तेम्यो आजारी पडला की चिडतो आणि आपण चिडलोच नाही असं म्हणतो. त्याला मांजरं आवडत नाहीत पण मागच्या जिन्यावरच्या मांजरीला तो चोरून खायला घालतो. झोपेत तो कधीतरी ‘येस, ॲडमिरल’ म्हणतो. हे आठवून सान्तोला हसू आलं आणि मग एकदम इतकं एकटं वाटलं, की त्यानं खिडकीला कपाळ टेकलं. त्याला दोघांपैकी एक तरी नीट मिळायला हवं होतं. जे माणूस माहीत होतं ते बायको नव्हतं, आणि बायको होती ती माहीत नव्हती. तेम्योबद्दल मनात काय आहे याला त्यानं आजवर कधी नाव दिलं नव्हतं. वेळच आली नव्हती. एका खोलीत दोन खाटा, दोघांच्या वेगळ्या पाळ्या, मधल्या वेळात भात आणि मासा. त्याला कोण कशाला नाव देतं?

खोली शहराला लागून असलेल्या नॅशनल सिटीत एका विधवेच्या घरामागे होती. तेम्यो त्याच्याहून बारा वर्षांनी मोठा, म्हणून कुया, थोरला भाऊ. नागरिक होऊन त्याला बरीच वर्षं झाली होती. लग्न केलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं की तो म्हणे, ‘ॲडमिरलशी झालंय की.’ एका ॲडमिरलच्या बंगल्यावर तो कामाला होता आणि त्याची पेन्शनीची वर्षं दोन महिन्यांत भरत होती. सान्तोला वाडगा कसा धरायचा ते त्यानंच शिकवलं, अंगठा बाहेर, बोट सुपात बुडता कामा नये, जहाज आडवं झालं तरी. सान्तो दारातून आत आला तेव्हा तो फरशीवर वर्तमानपत्र पसरून माशांची डोकी साफ करत होता. ट्यूनाच्या कारखान्यातून ती फुकट मिळायची, अमेरिकन लोक टाकून देतात.

‘काय रे, झालास का अमेरिकन?’

‘नाही.’

‘का? पहिला अध्यक्ष चुकलास?’

‘इसिद्राला तो म्हणालो.’

तेम्योनं सुरी खाली ठेवली आणि तो हसत सुटला. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं मनगटानं पुसलं कारण हाताला मासा होता. ‘अरे गाढवा! बायकोला? तरी बरं, मी तर ॲडमिरलच्या बाईला ‘सर’ म्हणालो होतो. दोन दिवस ती मला मिश्या दाखवत होती, इथे, नाकाखाली, बोट धरून.’

‘हसू नका, कुया. त्याला वाटलं की मी...’

तेम्योचं हसू हळूहळू गेलं. तो समजला. खाली बघून त्यानं एका डोक्याचे कल्ले काढले. ‘हं. असं वाटलं होय त्याला. मग?’

‘साक्षीदार आण म्हणाला. मला ओळखणारा, इसिद्राला ओळखणारा. नागरिक.’

‘मग मी येतो की. इसिद्राला मी भेटलोय. मागच्या सालच्या आधीच्या साली तू दिलेलं पुडकं घेऊन गेलो होतो, विसरलास? तिनं मला थंडगार सरबत दिलं. बराच वेळ बसलो.’

‘काय बोलत होती?’ हे त्यानं आजवर विचारलं नव्हतं. त्याचंच त्याला आश्चर्य वाटलं.

‘तुझंच. ते काय खातात, झोपतात का नीट, खोकला गेला का. मी सांगितलं सगळं.’ तेम्योनं माशाचं पुढचं डोकं उचललं. ‘मला वाटलं, पोरगी माझ्या तोंडाकडे बघतेय आणि पाठ करतेय. चांगली आहे रे. तिला आण लवकर.’

साहेबाला नक्की काय सांगितलं, ते सान्तोनं त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तेम्योनं मात्र शिकवणी लावली. इस्त्री करता करता, कांदा चिरता चिरता, एकदम ओरडायचा, ‘इसिद्रा काय करते?’ आणि सान्तोनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, ‘ती बाजारात जाते.’ ‘शाबास. घरवाली काय करते?’ म्हणजे विधवा मालकीण. ‘ती टीव्ही बघते.’ ‘वा! ॲडमिरल?’ ‘तो ओरडतो.’ ‘फर्स्ट क्लास. आणि तेम्यो काय करतो?’ इथे सान्तोची गाडी अडायची. तेम्यो वाट बघायचा, इस्त्री हातात धरून. ‘अरे बोल की. तेम्यो काय करतो? तो...’ ‘तो भात करतो,’ सान्तो कसंबसं म्हणायचा आणि काहीतरी निमित्त काढून बाहेर जिन्यावर जाऊन बसायचा. तेम्यो पहाटे उठायचा, भात टाकायचा, शिट्टी सुरू व्हायची, आणि डोक्यावरून पांघरूण घेतलेला सान्तो आत जागा. ही शिट्टी आपण सरकारदरबारी बायकोच्या नावावर लावून आलोय, असं त्याच्या मनात यायचं. ताटात माशाचं डोकं पडलं की तो ते नुसतं चिवडायचा. ‘का रे, ताजं नाही का?’ ‘आहे की.’ मग तेम्यो काही विचारत नसे. तेच तर, काही विचारत नसे.

साहेबाला दुसरं काही सांगावं का? तीळ, वीज, उशी? ते खरं होतं आणि ते इसिद्राचं होतं. पण त्यानं आधी ऐकलेलं समोर ठेवलेलं असणार. माणूस एकच, बायको एकच, आणि आठ दिवसांत तिच्या सवयी बदलल्या? मग तर संशय पक्काच. नाही, जे सांगितलं तेच सांगायचं, फक्त ‘तो’च्या जागी ‘ती’ घालायचं, आणि आधी ‘सुट्टीत’ म्हणायचं. तेवढं केलं की इसिद्रा येणार होती. तेवढं केलं नाही तर सॅक खांद्यावर, मागेपुढे पोलीस; आणि त्याच्या एकट्याच्या नाही, तेम्योच्याही, पेन्शनला दोन महिने राहिलेले असताना. हा विचार आल्यावर सान्तोनं ठरवून टाकलं. आदल्या संध्याकाळी, तेम्यो बूट पुसत असताना, त्यानं विषय काढला. ‘कुया, उद्या मी तिच्याबद्दल जे काही बोलेन ना, त्याला हो म्हणा.’ तेम्यो बुटात बघत म्हणाला, ‘खोटं आहे?’ ‘खोटं नाही,’ सान्तो म्हणाला. तेम्योनं बुटावर फुंकर मारली. ‘खोटं नाही ना? मग कशाला घाबरतोस.’

दुसऱ्या खेपेला साहेबाचा टाय वेगळा होता. तेम्योनं त्याचा एकुलता एक कोट घातला होता, खांद्यांत सैल. हात वर करून त्यानं खरं बोलायची शपथ घेतली आणि सान्तोच्या शेजारच्या खुर्चीत, पाहुण्यासारखा पुढे सरकून बसला. साहेब म्हणाला, ‘हं. गेल्या वेळी तू बायकोबद्दल सांगत होतास.’ सान्तोनं समोरच्या भिंतीवरच्या झेंड्याकडे बघितलं. तेम्योकडे बघायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. ‘ती फार चांगली आहे, साहेब. सुट्टीत घरी गेलो की ती पहाटे उठते. भात टाकते.’ इथवर ठीक होतं. कुठलीही बायको भात टाकते. ‘भात शिजेपर्यंत ती शिट्टी वाजवते.’ शेजारची खुर्ची किंचित करकरली. ‘माशाचं डोकं ती मला ठेवते. स्वतः शेपटी खाते.’ एकही चूक झाली नाही. ती, ती, ती. इतकं शुद्ध इंग्रजी तो जन्मात बोलला नव्हता. ‘मी गप्प बसलो तर ती काही विचारत नाही.’ खालच्या रस्त्यावर एक ट्रक मागे जात असावा, त्याचा आवाज येत होता. शेवटी सान्तोला राहवलं नाही, त्यानं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. तेम्यो स्वतःच्या बुटांकडे बघत होता. त्याची मान लाल झाली होती, लहान मुलाला सगळ्यांसमोर उभं करून शाबासकी दिली की होते तशी.

साहेब त्याच्याकडे वळला. ‘तुम्ही याच्या बायकोला ओळखता?’

तेम्योनं घसा साफ केला. ‘ओळखतो, साहेब.’

‘चांगलं ओळखता?’

‘हो. चांगलं ओळखतो. बरीच वर्षं.’

‘हा सांगतो ते बरोबर आहे?’

‘बरोबर आहे, साहेब.’ एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. साहेबानं पेन उचललंही होतं. पण तेम्यो पुढे बोलला, हळूहळू, एकेक शब्द पायाखाली चाचपून बघावा तसा. ‘अजून एक आहे, साहेब. हा घरी असला की ती रोज याला आल्याचा चहा देते. याला आवडत नाही तो. पण ती करते म्हणून हा पितो. याला वाटतं, हे तिला माहीत नाही. तिला माहीत आहे, साहेब. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तरी ती देते, कारण हा पितो ते बघायला तिला बरं वाटतं.’

साहेब पोट हलवून हसला. ‘बायका सगळीकडे सारख्याच!’ तो म्हणाला, आणि त्यानं सही केली. उठून सान्तोशी हात मिळवला, तेम्योशीही मिळवला. शपथविधी पुढच्या महिन्यात, कोर्टात, टाय घालून ये. मंडळींना आणायचे कागद त्यानंतर लगेच कर, वेळ घालवू नकोस. सान्तो ‘येस, सर’ म्हणत राहिला. त्याला ओरडावंसं वाटत होतं. आपण जिंकलो हे त्याला कळत होतं आणि कुणीतरी आपल्या हातून काहीतरी काढून घेतलंय असंही वाटत होतं, आणि ते काढून घेणारा समोरचा साहेब नव्हता, आपणच होतो.

ब्रॉडवेच्या थांब्यावर दोघे उभे राहिले. वारा पडला होता. तेम्योनं कोट काढून हातावर घेतला, अस्तर बाहेर करून. बराच वेळ तो बस येते का तिकडे बघत होता. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाला, ‘मी आज बराकीत एक खाट मागून घेतो. दोन महिन्यांचाच प्रश्न आहे. खोली रंगवून घे, पांढरा नको, पिवळा दे. बायकांना पिवळा आवडतो.’

‘इतक्यात कशाला, कुया? ती यायला अजून वेळ आहे. वर्षसुद्धा लागेल.’

‘तरी. सवय व्हायला नको का.’

‘कुणाला?’

‘तुला रे,’ तेम्यो म्हणाला. ‘नाहीतर ती आल्यावर पण तिला तोच म्हणशील.’ आणि हसला. सान्तोला हसता आलं नाही. दुरून बस दिसायला लागली, बराकीकडे जाणारी. आता बोललं नाही तर पुन्हा कधी बोलणार? पण काय बोलणार? आठ दिवस तो आणि ती यांची उलथापालथ करण्यात गेले होते, जणू ज्याच्याविषयी बोलायचं ते माणूस तिथे नाहीच. माणूस तर हे इथे होतं, हातभर अंतरावर, कोट हातावर घेऊन. त्याच्याशी बोलायला एक शब्द होता, आणि तो सान्तोनं त्याच्यापुढे कधी वापरला नव्हता. थोरल्या भावाला ‘तुम्ही’ म्हणायचं, ‘तू’ म्हणायचं नाही, हे कावितेच्या पोराला चालायच्या आधी शिकवतात. बस थांब्याला लागली. दार उघडलं.

‘तू जाऊ नकोस,’ सान्तो म्हणाला.

तेम्यो एक पाय पायरीवर ठेवून थांबला. त्यानं वळून पाहिलं, आणि क्षणभर त्याचा चेहरा असा काही उघडा पडला, की सान्तोला वाटलं हा उतरतो, आता हा उतरतो. मग ड्रायव्हरनं काहीतरी म्हटलं. मागच्या बाईनं पिशवी पुढे ढकलली. तेम्योनं ते नेहमीचं, बंगल्यावरचं हसू तोंडावर आणलं.

‘अरे वा रे वा! अजून शपथ व्हायची आहे आणि अमेरिकन झालास? त्यांचं बरं असतं, लहानमोठ्या सगळ्यांना एकच ‘यू’. थोरल्या भावाला तू?’

इतक्या दिवसांत तोंडून निघालेला हा एकच शब्द बिनचूक होता, आणि समोरचा माणूस त्याच शब्दाची चूक काढून आपल्याला सोडवत होता, हे सान्तोला कळलं. त्यानं मान खाली घातली.

‘चुकलं, कुया,’ तो म्हणाला. ‘तुम्ही.’

‘आता कसं बोललास,’ तेम्यो म्हणाला, आणि वर चढला.